कसोटीची कसोटी

मनुष्य खोटे बोलला तर त्याला खोटारडा म्हणता येते. माप खोटे निघाले तर ते वापरणाऱ्या वाण्याला जाब विचारता येतो. परंतु परीक्षा करण्यासाठी म्हणून जे साधन घडविले, तेच कोणाच्याही मनात कपट नसता अर्धे सत्य सांगू लागले, तर तो दोष कोणाच्या पदरी बांधावयाचा? साधनाला तर मन नाही; आणि ज्याने ते घडविले त्याने असत्याचा एक शब्दही उच्चारलेला नाही.

हा प्रश्न बहुधा न्यायालय, वैद्यक किंवा विद्यापीठाच्या परीक्षा अशा भारदस्त क्षेत्रांतील उदाहरणे घेऊन चर्चिला जातो. मी मुद्दाम एक अगदी क्षुल्लक उदाहरण घेणार आहे. एका जुन्या खेळयंत्राचे हातात धरून फिरवावयाचे बटण नीट चालते की नाही, हे तपासणारी आज्ञावली लिहिणे, हे ते उदाहरण. क्षुल्लक उदाहरणाचा लाभ असा की, तेथे पैसा, प्रतिष्ठा आणि भीती यांचा धुरळा फारसा उडत नाही आणि प्रश्नाची हाडे उघडी दिसतात.

१९७७ च्या सप्टेंबरात अमेरिकेतील अटारी कंपनीने ‘व्हिडिओ कॉम्प्युटर सिस्टिम’ या नावाचे एक यंत्र विक्रीस आणले. पुढे ते ‘अटारी २६००’ या नावाने प्रसिद्धीस आले. घरच्या दूरचित्रवाणी संचाला ते जोडावयाचे, वर खाचेत खेळाची कार्ट्रिज बसवावयाची आणि खेळ सुरू करावयाचा. १९९२ च्या आरंभी त्याचे उत्पादन थांबले. तोवर सुमारे तीन कोटी यंत्रे लोकांच्या घरी गेली होती. त्याची स्मृती किती, तर अवघी १२८ बाइट. हे एवढे लहान वाक्यसुद्धा आजच्या पद्धतीने देवनागरीत साठवू गेल्यास त्यात मावावयाचे नाही. उत्पादन थांबून तीन दशके लोटली, तरी या यंत्रावर प्रेम करणारी माणसे आजही त्याच्यासाठी नव्या आज्ञावली लिहितात. त्यांत खेळ असतात, तशाच यंत्राच्या अंगांची तपासणी करणाऱ्याही असतात.

यंत्राबरोबर आरंभी दोन जॉयस्टिक आणि पॅडलची एक जोडी मिळत असे. पॅडल म्हणजे मुठीत मावेल अशी डबी, तिच्यावर एक फिरती चकती आणि कडेला दाबावयाचे एक बटण. चकती फिरविली की पडद्यावरील फळी सरकते आणि चेंडू परतविते. आत जो जिन्नस असतो तो जुना रेडिओ उघडून पाहिलेल्या कोणासही ओळखीचा वाटेल. आवाज लहानमोठा करण्याच्या बटणामागे तोच बसलेला असतो. त्याला पोटेन्शिऑमीटर म्हणतात. कार्बनचा लेप दिलेली, घोड्याच्या नालासारखी वाकविलेली एक पट्टी आणि तिच्यावरून घसरत जाणारी धातूची जीभ, एवढाच त्याचा प्रपंच. जीभ पट्टीवर कोठे टेकली आहे त्यावर विजेच्या प्रवाहाला किती अडथळा होतो हे ठरते. या पॅडलमध्ये तो अडथळा जवळजवळ शून्यापासून दहा लाख ओहमपर्यंत बदलतो.

आता मौज पाहा. चकती किती अंश फिरली हे यंत्राला मुळीच दिसत नाही. त्याला फक्त वेळ मोजता येते. आपल्याकडे लग्नघटिका साधण्यासाठी पाण्याच्या घंगाळात घटिकापात्र सोडीत. तळाच्या बारीक भोकातून पाणी आत येई आणि पात्र भरले की बुडे. भोक बारीक असेल तर पात्र सावकाश भरावयाचे, मोठे असेल तर झटकन. यंत्राने हीच युक्ती योजिली आहे. त्याच्या आत प्रत्येक पॅडलसाठी एक छोटा कॅपॅसिटर, म्हणजे वीज साठविणारे पात्र असते. आज्ञावली प्रथम ते रिकामे करते, मग मोकळे सोडते. पॅडलच्या अडथळ्यातून झिरपत वीज त्यात भरू लागते आणि ठराविक पातळी गाठली की यंत्राच्या एका खुणेच्या जागी शून्याचा एक होतो. पात्र सोडल्यापासून एक होईपर्यंत किती वेळ गेला, त्यावरून जीभ पट्टीवर कोठे असावी याचा तर्क करावयाचा. म्हणजे हे प्रत्यक्ष नव्हे. कार्यावरून कारणाकडे जाणारे अनुमान आहे.

वेळ मोजण्याचे घड्याळही यंत्रापाशी वेगळे नाही. पडद्यावरचे चित्र आडव्या ओळींनी विणले जाते. अमेरिकन पद्धतीत एका चित्राच्या २६२ ओळी, आणि सेकंदाला साठ चित्रे. या यंत्राला संपूर्ण चित्र साठवून ठेवण्याइतकी स्मृती नसल्यामुळे प्रत्येक ओळ तिच्या क्षणी रचून द्यावी लागते आणि त्यासाठी एका ओळीमागे ७६ ठोके मिळतात. तेवढ्यात चित्र रचावयाचे आणि त्याच धांदलीत एकदा पॅडलकडे डोकावून ‘पात्र भरले काय?’ असे विचारावयाचे. जितक्या ओळी गेल्या तितका आकडा. चकती एका टोकाला नेली तर पात्र भरावयास सुमारे ३८० ओळी लागतात, म्हणजे एका संपूर्ण चित्राहून अधिक. म्हणून पुष्कळ खेळ चकतीच्या पूर्ण फेऱ्यापैकी काही भागच उपयोगात आणतात.

जुन्या पॅडलला जो रोग होतो तो कंपाचा. कार्बनची पट्टी झिजते, तिच्यावर धूळ बसते, जीभ नीट टेकत नाही. आणि मग हात स्थिर असला तरी आकडा थरथरतो. देवळात कीर्तनाच्या वेळी ध्वनिक्षेपकाचे बटण फिरविताना जी खरखर कानांवर येते, तीच ही खरखर. येथे ती डोळ्यांना दिसते. ‘कबूम’ नावाच्या १९८१ च्या खेळात वरून पडणारे बाँब खालच्या बादल्यांत झेलावयाचे असतात. ज्याचे पॅडल थरथरते त्याच्या बादल्या अशा नाचतात की झेलणाऱ्याला झटका आला असावा असे वाटावे.

खेळ लिहिणारा यावर तोड काढू शकतो. लागोपाठच्या काही आकड्यांची सरासरी घेतली की थरथर मंदावते. एखादाच आकडा भलतीकडे उडाला तर तो सोडून देता येतो. यात काही गैर आहे असे मला वाटत नाही. खेळ हा साक्षीदार नव्हे. खेळणाऱ्याला आनंद द्यावा एवढेच त्याचे वचन असते आणि पॅडलची दुखणी झाकून तो ते पाळीत असेल तर त्याने सौजन्यच दाखविले. वृद्ध आप्ताचा हात कापत असताना आपण त्याच्या पेल्यात पाणी थोडे कमी ओततो, त्यातलाच हा प्रकार आहे.

परंतु चाचणीची आज्ञावली लिहावयास तोच मनुष्य बसला की त्याची भूमिका पालटते. आता वचन निराळे आहे: पॅडल जसे आहे तसे सांगणे. येथे त्याची पहिली अडचण अगदी व्यावहारिक आहे. कच्चा आकडा जसाच्या तसा पडद्यावर टाकला तर तो सेकंदाला पंचवीस-तीस वेळा पालटतो आणि कोणालाही वाचता येत नाही. वाचता यावा म्हणून तो जरा संथ केला, थोडी सरासरी घेतली, तर तो सुवाच्य होतो खरा. पण जो कंप शोधावयास आपण निघालो तोच त्या सरासरीत विरघळून जातो. खेळात जे सौजन्य होते तेच येथे खोटी साक्ष झाले. कृती तीच, हात तोच, आकडेमोडही तीच. फरक एवढाच की ऐकणाऱ्याला दिलेले वचन बदलले. सत्यासत्याचा निवाडा केवळ वाक्याकडे पाहून करणाऱ्यांनी या साध्या गोष्टीपाशी थोडे थांबावे असे मला वाटते. कोणत्या प्रश्नाला उत्तर म्हणून ते वाक्य उच्चारले गेले, हे त्यांना विचारावेच लागेल.

यावर उपाय आहे, आणि तो अवघड नाही. चालू आकड्याबरोबर ठराविक काळातील लहानात लहान व मोठ्यात मोठा आकडा दाखवावा. चकतीवरून हात काढून घ्यावा आणि या दोहोंतील अंतर पाहावे. हात काढावयाचा तो अशासाठी की, थरथर हाताची की पट्टीची हा संशय राहू नये. कारण काढून घेतले असता कार्य राहते की जाते हे पाहणे, म्हणजे जुन्या शास्त्रकारांच्या भाषेत व्यतिरेक, तो येथे एका बोटाच्या हालचालीने साधतो. अंतर एकाच आकड्याचे असेल तर ते विसरून जावे. पात्र भरण्याचा क्षण दोन ओळींच्या सीमेवर पडला तर निरोगी पॅडलही दोन शेजारच्या आकड्यांत हेलकावे खाते. ती मापाची मर्यादा आहे, मापलेल्या वस्तूचा दोष नव्हे. ही गोष्ट लिहिणाऱ्याने वापरणाऱ्याला सांगितली नाही तर त्याने सत्य आकडा दाखवूनही एका निरपराधावर आळ आणलेला असतो.

निरपराधावर आळ येण्याचे याहून ठळक उदाहरण मोजणीतच दडलेले आहे. एका बाइटमध्ये शून्य ते २५५ एवढेच आकडे मावतात. ओळी मात्र ३८० पर्यंत जातात. एकाच बाइटमध्ये मोजणी ठेवली तर २५५ नंतर पुन्हा शून्य येते आणि ३०० व्या ओळीला भरलेल्या पात्राची नोंद ४४ अशी होते. बिचारा वापरणारा चकती सावकाश टोकाकडे नेतो, आकडा चढत जातो आणि एकाएकी तळाला कोसळतो. तो काय समजेल? पट्टी तेथे तुटली आहे असेच समजेल. उलटपक्षी, काम हलके करण्यासाठी लिहिणाऱ्याने दर दोन ओळींनी एकदाच डोकावावयाचे ठरविले तर बारीक कंप बराचसा दिसेनासा होईल आणि दुखणाईत पॅडल धडधाकट ठरेल. दोन्ही ठिकाणी कोणी खोटे बोलले नाही. दोन्ही ठिकाणी निवाडा मात्र खोटा झाला.

येथे एक जुना वाद आठवतो. ज्ञान प्रमाण आहे हे त्या ज्ञानावरूनच कळते, की ते बाहेरून ठरवावे लागते? मीमांसकांनी पहिला पक्ष घेतला. झालेले ज्ञान स्वतःच प्रमाण मानावे. त्याला बाध आणणारे दुसरे ज्ञान झाले, किंवा ज्या साधनाने ते झाले त्यात दोष आहे असे कळले, तरच ते अप्रमाण म्हणावे. नैयायिकांनी दुसरा पक्ष घेतला. ज्ञानाचे प्रामाण्य बाहेरूनच, त्याच्या आधारे केलेली कृती सफळ होते की नाही यावरून ठरते, असे ते म्हणतात. पॅडल हातात घेऊन खेळणारा मनुष्य मीमांसक असतो. फळी चालते आहे तोवर तो पॅडलवर विश्वास ठेवतो, आणि ते योग्यच आहे. नाहीतर त्याचा खेळ कधी सुरूच व्हावयाचा नाही. चाचणी लिहिणाऱ्याला मात्र नैयायिक झाल्यावाचून गत्यंतर नाही. खेळणाऱ्याचा विश्वास डळमळला म्हणून तर तो त्याच्याकडे आला.

पण नैयायिकाच्या मागे अनवस्थेचे भूत लागलेलेच असते. पॅडलची परीक्षा आज्ञावली करते. आज्ञावलीची परीक्षा कोणी करावयाची? आणि त्या परीक्षकाची? गौतमाच्या न्यायसूत्रांत या शंकेला तराजूचा दृष्टान्त देऊन उत्तर दिले आहे, आणि ज्यांच्या घराण्यात सोनारकाम चालत आले त्यांना ते विशेष पटेल. तराजूने सोने तोलतात तेव्हा तराजू प्रमाण आणि सोने प्रमेय. पण ज्याचे वजन आधीच निश्चित आहे असे सोने पारड्यात टाकून दुसरा तराजू तपासावयाचा असेल तर सोने प्रमाण होते आणि तराजू प्रमेय. प्रमाण आणि प्रमेय या वस्तूंच्या जाती नव्हेत. प्रसंगानुसार घ्यावयाच्या भूमिका आहेत.

आमच्या उदाहरणात निश्चित वजनाचे सोने कोणते? पॅडलच्या जागी ज्याचा अडथळा कायमचा ठरलेला आहे असा साधा रेझिस्टर जोडावा. त्यात ना पट्टी, ना जीभ, ना धूळ. तो थरथरू शकत नाही. तरीही पडद्यावरचा आकडा दोनचार घरे नाचू लागला तर दोष पॅडलचा नव्हे, यंत्राचा किंवा आज्ञावलीचाच आहे हे सिद्ध झाले. मग दुसऱ्या बाजूने, जे पॅडल बिघडले आहे हे उघड दिसते असे एक घ्यावे आणि आज्ञावली त्याला दोषी ठरविते काय ते पाहावे. जी परीक्षा कोणालाच नापास करू शकत नाही ती परीक्षा नव्हे, समारंभ आहे.

हे दुसरे पाऊल सहज विसरले जाते, आणि त्याला आजच्या काळातील एक कारण आहे. जुने यंत्र जवळ नसतानाही त्याच्यासाठी लिहिता यावे म्हणून आजच्या संगणकावर त्या यंत्राचे सोंग आणणाऱ्या आज्ञावली आहेत. त्यांपैकी ‘स्टेला’ ही विशेष प्रसिद्ध आहे. सोंग फार उत्तम वठते. तेथे पॅडलचे काम बहुधा माऊसकडून करवून घेतात, आणि माऊसला कार्बनची पट्टी नसते. आकडा गुळगुळीत येतो, लिहिणारा संतुष्ट होतो. परंतु रोगी ज्याने कधी पाहिलाच नाही, केवळ निरोगी देहाचे चित्र पाहिले, त्याने नाडीपरीक्षेचा ग्रंथ लिहावा तसे हे झाले. स्टेलाचा यात काही अपराध नाही. तिने यंत्राचे सोंग आणण्याचे वचन दिले होते, जीर्णतेचे नव्हे.

मग ही साखळी कोठे थांबवावयाची? रेझिस्टर तरी खरा कशावरून? उदयनाचार्यांनी शंकेला एक सीमा घालून दिली आहे: जी शंका घेतल्याने शंका घेणाऱ्याचा स्वतःचाच व्यवहार उलटून पडतो, तेथे शंका संपली. रेझिस्टरवर संशय घेणारा मनुष्य ज्या वीजमापकाने तो मोजतो त्यातही रेझिस्टर असतातच, आणि त्यांवर तो बिनदिक्कत विश्वास टाकतो. चाचणी लिहिणाऱ्याने अनंत शंका घ्याव्यात असे मी म्हणत नाही. जेथे आपला निवाडा दुसऱ्याच्या पदरी पडणार आहे तेथपर्यंत तरी त्याने शंकेची सोबत सोडू नये, एवढाच माझा आग्रह आहे.

अभावाचा प्रश्न आणखी नाजूक आहे. खोबणीत पॅडल जोडलेलेच नसेल तर पात्र कधी भरत नाही. शून्याचा एक होत नाही. चकती एका टोकाला असेल तेव्हाही पुष्कळ वेळ एक होत नाही. जी आज्ञावली एका चित्राच्या २६२ ओळी वाट पाहून थकते, तिला ही दोन्ही सारखीच दिसतील आणि ती टोकाला गेलेल्या पॅडलला ‘नाही’ म्हणून मोकळी होईल. कुमारिल भट्टांच्या परंपरेत अनुपलब्धी हे अभावाचे प्रमाण मानले आहे, पण त्याला योग्यतेची अट आहे: वस्तू असती तर ती दिसलीच असती, अशी परिस्थिती असेल तरच न दिसण्यावरून नसण्याचा निर्णय करावा. अंधाऱ्या खोलीत मडके दिसले नाही म्हणून मडके नाही असे ठरत नाही. पॅडलच्या बाबतीत ही योग्यता म्हणजे धीर. ३८० ओळींच्या पुढे, शक्य तर बऱ्याच पुढे, कॅपॅसिटरच्या लहानमोठेपणालाही वाव ठेवून थांबावे आणि मगच ‘नाही’ हा शब्द उच्चारावा. सेकंदाचा शंभरावा हिस्सा अधिक थांबल्याने कोणाचे काही अडत नाही. माणसांच्या बाबतीत ‘त्याच्यात अमुक गुण नाहीच’ हे किती लवकर बोलले जाते, याचा विचार हे लिहिताना मनात येऊन गेल्यावाचून राहिला नाही.

शेवटचा मुद्दा निवाड्याच्या शब्दाचा. वापरणाऱ्याला आकड्यांत गोडी नसते. त्याला ‘चांगले’ की ‘वाईट’ हे हवे असते. हा शब्द आज्ञावलीने द्यावा काय? मोठे प्रलोभन आहे, आणि देणे म्हणजे उपकारच असे प्रथमदर्शनी वाटते. पण आकडा केवळ पॅडलचा नसतो. पात्र यंत्रात आहे आणि अडथळा पॅडलमध्ये. आकडा दोघांच्या संयोगाचा. कॅपॅसिटर काही एकजात सारखे घडत नाहीत, आणि कालांतराने पालटतातही. लिहिणाऱ्याच्या यंत्रावर जे पॅडल टोकाला ३८० दाखविते तेच शेजारच्या यंत्रावर कमी किंवा अधिक दाखवील. अशा स्थितीत आपल्या घरच्या यंत्रावर मिळालेला आकडा सर्व जगाचे प्रमाण म्हणून आज्ञावलीत कोरून ठेवणे हा मला केवळ तांत्रिक प्रमाद वाटत नाही. आपल्या अंगणातील सावलीवरून साऱ्या गावाची माध्यान्ह ठरविण्याचा तो प्रकार आहे, आणि त्याची फळे भोगावयाची पाळी दुसऱ्यावर येते.

शिवाय दोष म्हणजे तरी काय? १९७२ साली ॲलन अल्कॉर्न यांनी अटारीसाठी ‘पाँग’ हा खेळ घडविला. त्याच्या विद्युत्‌रचनेतील एका उणिवेमुळे फळी पडद्याच्या अगदी वरच्या कडेपर्यंत पोहोचत नसे. अल्कॉर्न यांना ते माहीत होते. ती दुरुस्त करण्याऐवजी त्यांनी ती तशीच राहू दिली, कारण तिच्यामुळे खेळाला योग्य तेवढी कठीणता आली. कोणी कर्तव्यदक्ष परीक्षक तेथे असता तर त्याने त्या रचनेवर तांबडी फुली मारली असती. पॅडलचेही तसेच. पट्टीचा जो भाग खेळात कधी वापरलाच जात नाही तेथील खरखर खेळणाऱ्याला जाणवत नाही. विक्रेत्याने मात्र ‘निर्दोष’ म्हणून ते विकावयाचे असेल तर तीच खरखर महत्त्वाची ठरते. एकाच आकड्याचे दोन निवाडे होतात आणि दोन्ही बरोबर असतात.

तर मग आज्ञावलीने निवाडा न देता आकडेच पुढे करून हात झटकावे काय? काही जण याला तटस्थता म्हणतात. मला ती अर्धवट तटस्थता वाटते. ज्याला आकड्यांचा अर्थ लावता येत नाही त्याच्यापुढे आकड्यांची रास ओतणे, म्हणजे आडाणी पक्षकाराच्या हाती कायद्याचे पुस्तक देऊन न्यायाधीशाने उठून जाणे होय. निवाडा नको, पण निवाडा कसा करावा हे सांगणे आज्ञावली लिहिणाऱ्याला चुकत नाही. हात काढून पाहा; एका आकड्याचा फरक सोडून द्या; दुसऱ्या खोबणीत लावून पुन्हा पाहा. यंत्राला दोन खोबणी आहेत आणि प्रत्येकीचे कॅपॅसिटर वेगळे. जोडी एकीतून काढून दुसरीत लावली आणि कंप तिच्याबरोबर गेला तर दोष बहुतेक पॅडलचा. कंप पहिल्याच खोबणीत राहिला तर यंत्राचा. अशी तीन वाक्ये आज्ञावलीबरोबर दिली की वापरणाराही परीक्षक होतो.

एका खेळण्यासाठी हा एवढा खटाटोप कशाला, असे कोणी म्हणेल. समजा, एका गृहस्थाने बाजारातून जुनी पॅडल आणली आणि बेफिकीर आज्ञावलीने ती वाईट ठरविली. त्याने ती केरात टाकली. कंपनीने त्या काळी घडविलेली ती वस्तू पुन्हा घडावयाची नाही, आणि कदाचित पट्टी पुसून ती आणखी वीस वर्षे चालली असती. किंवा त्याने विकणाऱ्याला लबाड म्हटले. तो विकणारा लबाड नव्हता. लबाड असा कोणीच नव्हता. ज्याने ती आज्ञावली लिहून फुकट वाटली त्याला हे कधी कळणारही नाही. ज्याची तक्रार आपल्यापर्यंत कधीच पोहोचणार नाही अशा माणसाला आपण किती बांधलेले आहोत, हा प्रश्न मोठ्या क्षेत्रांत पोलीस, कायदे आणि नुकसानभरपाई यांच्या आड लपतो. येथे त्याच्यापुढे कसलाही आडपडदा नाही. येथे लिहिणाऱ्याला बांधून ठेवणारे त्याच्या स्वतःच्या मनाखेरीज कोणी नाही.

आणि खर्च तरी कितीसा? चार पॅडल, प्रत्येकाचा चालू आकडा, लहानात लहान आकडा आणि मोठ्यात मोठा आकडा, प्रत्येक आकडा २५५ च्या पुढे जाऊ शकतो म्हणून त्याला दोन-दोन बाइट. झाले चोवीस बाइट. १२८ पैकी उरलेल्या १०४ बाइटांत बाकीचा सारा संसार नीट बसतो.